ज्यांना 'थोडंसं' खपत नसे

बर्मिंगहॅममधल्या आरोग्य-संशोधनाच्या ज्या विभागात मी आकडेमोडीचं काम करायचे, तिथे सकाळी भेटल्यावर लोक हवेविषयी बोलत. डॉक्टर विचारत, "जेवलात का?" हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न यायचा, "बसून की उभ्याने?" आणि त्याचंही उत्तर दिलं, तर तिसरा, रात्री झोप किती झाली. पहिला प्रश्न त्यांच्या देशाचा होता. कोरियातली जुनी माणसं म्हणे एकमेकांची विचारपूस अशीच करतात. उरलेले दोन त्यांचे स्वतःचे. ते आल्यावर महिनाभरात आमच्या मजल्यावरचे बरेच जण मागच्या जिन्याने ये-जा करू लागले.

वय पंचावन्नच्या आसपास. अंगाने काटक, केस बारीक कापलेले, बारा महिने एकच करडा स्वेटर. बाकीचे त्यांना नावाने हाक मारायचे, कारण आमच्या हेडलाही तिथे सगळे नावानेच हाक मारत. मला ते जमलं नाही. नागपूरला वाढलेल्या माणसाची जीभ वडिलांच्या वयाच्या डॉक्टरला नुसत्या नावाने हाक मारायला वळत नाही. मी पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायला लागले आणि इथेही तेवढंच म्हणते.

ते आमच्याकडे आले ते एका मोठ्या कामासाठी. कोरियात घरोघर जाऊन केलेल्या आरोग्य तपासणीची माहिती आमच्याकडे आली होती. त्यावरून तिथल्या प्रौढ माणसांमध्ये मेटाबोलिक सिंड्रोम किती पसरलाय आणि तो कुणाला जास्त होतो, हे शोधायचं होतं. या सिंड्रोमला एका आजाराचा तोंडवळा नाही. पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, अशा पाच गोष्टी. त्यांपैकी तीन बिघडल्या की त्या माणसाला हे नाव लागतं. एकेकटी पाहिली तर त्यातली एकही गोष्ट घाबरण्यासारखी नसते. दुखत काही नाही, अडत काही नाही. तिन्ही मिळून मात्र माणसाला हळूहळू मधुमेहाकडे, हृदयविकाराकडे, पक्षाघाताकडे घेऊन जातात. इंग्लंडमध्ये लोकांना वाटायचं की हा जाड्या माणसांचा प्रश्न, भात-भाजी खाणाऱ्या सडपातळ कोरियन लोकांमध्ये कुठून येणार? आकडे वेगळंच सांगत होते. तो तिथे भरपूर होता, आणि वाढत होता.

विभागात कुणी म्हणालं, "प्रेशर थोडंसं वाढलंय," की डॉक्टर हातातलं काम ठेवायचे. "थोडंसं म्हणजे किती?" समोरच्याने हसून विषय बदलला तरी ते थांबून राहायचे. ते अस्वस्थ करणारं होतं. एकदा आमच्या प्रिंटरवाल्या माणसाने सहज सांगितलं की त्याची साखर थोडीशी वर आलीय, तर डॉक्टर त्याच्या व्हॅनपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि पार्किंगमध्ये उभे राहून त्याच्याशी बराच वेळ बोलले. वर आल्यावर म्हणाले, माणूस दिवसभर गाडी चालवतो, जेवण गाडीतच करतो आणि बायको नाही. म्हणून त्याला सांगायला दुसरं कुणी नाही.

मला त्यांचा खरा त्रास व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. ते माहिती वाचायचे. म्हणजे अक्षरशः वाचायचे. माझ्या स्क्रीनवर हजारो रांगा असायच्या, एक रांग म्हणजे एक माणूस, नाव नाही, फक्त वय, शिक्षण, सवयी, मापं. माझं काम त्या सगळ्यांना एकत्र करून टक्केवारी काढण्याचं. डॉक्टर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि एखाद्या रांगेवर बोट ठेवायचे. "हा बघा. चाळिशीचा. ऑफिसात असणार. सिगारेट आहे, दारू आहे, चालणं नाही. साहेब उठेपर्यंत याला उठता येत नाही, आणि साहेब प्यायला लागला की यालाही प्यावी लागते." मग खालच्या रांगेवर. "ही पंचावन्नची. शाळा सहावीपर्यंत. पाळी थांबलेली. वजन काही नाही, पण पोट बघा. हिला कुणी तपासलं नसतं. घरी कुणी गेलं म्हणून तपासली."

मी त्यांना म्हणायचे की डॉक्टर, एकेका माणसावरून काही सिद्ध होत नाही. ते मान डोलवायचे. सिद्ध करण्यासाठी तुम्ही आहातच की, म्हणायचे. आणि पुढच्या रांगेवर बोट ठेवायचे.

त्या वर्षांमध्ये माझा नवरा बेसिंगस्टोकला होता. तिथल्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं काम, सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी रात्री यायचा. मधले दिवस मी, माझी लेक आणि माझी नोकरी. त्याचे वडील नागपूरला ऑफिसात खुर्चीतच गेले होते, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यामुळे आमच्या घरात तब्येत म्हणजे त्याची तब्येत. त्याचं तेल मोजून, त्याचं मीठ बेताचं, त्याची तपासणी दर वर्षी. माझा विचार करायचं कुणाला सुचलं नव्हतं, मला तर मुळीच नाही. मी बारीक होते. लग्नातले ब्लाउज मला अजून होत होते आणि त्याचा मला गर्व होता.

एका शनिवारी आम्ही डॉक्टरांना जेवायला बोलावलं. माझ्या मनात हेतू होता. वडिलांचा इतिहास सांगून त्यांनी नवऱ्याला चार गोष्टी समजावाव्यात, असं मला वाटत होतं. मटणाचा रस्सा, भात, भाकरी केली होती. ते दोघे बोलत बसले. डॉक्टरांनी खरंच त्याला सगळं विचारलं आणि तुमचं ठीक चाललंय, असंच चालू ठेवा, एवढं म्हणाले. मी गरम भाकऱ्या आणून वाढत होते. लेकीने ताटात भात टाकला होता, तो मी ओट्याशी उभ्याने चार घासांत संपवला. टाकून द्यायचा कशाला. नंतर रश्श्याच्या भांड्याला लागलेलं भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्लं. हे मी रोज करायचे, मला त्यात काही करते आहे असंही वाटत नसे.

थोड्या वेळाने लेक स्वयंपाकघरात आली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, ते काका जेवतच नाही. त्यांची भात थंड झाली."

बाहेर येऊन पाहते तर डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला होता. नवरा अवघडून बसला होता. मी विचारलं, तिखट झालं का? ते नाही म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बसा. तुम्ही बसल्याशिवाय मी खाऊ शकणार नाही."

मी हसून टाळलं. पाहुण्याला वाढायचं सोडून कशी बसणार. ते खरंच जेवले नाहीत. शेवटी मी खुर्ची ओढून बसले, ताट वाढून घेतलं, तेव्हा त्यांनी चमचा उचलला. निघताना दारात बूट घालता घालता ते म्हणाले, "सोमवारी डॉक्टरकडे वेळ घ्या. तुमच्यासाठी."

मला राग आला. इतका, की सोमवारी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुपारी मात्र राहवलं नाही. मी त्यांना म्हटलं की तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात, आम्हाला तपासायला नाही. माझ्या घरात मी कशी जेवते, हा तुमचा प्रश्न नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, बरोबर आहे. आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर चालाल का, असं विचारलं. आमच्या इमारतीमागे कालवा होता. त्याच्या काठाकाठाने आम्ही चाललो, आणि तिथे त्यांनी मला त्यांच्या बहिणीविषयी सांगितलं.

ती त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला तिकडे 'नूना' म्हणतो, आपण ताई म्हणतो तसं. कोरियातल्या लढाईनंतरची गरिबी. ताईची शाळा सहावीला सुटली आणि ती कापडगिरणीत लागली. त्या काळात त्यांच्या देशात अशा कितीतरी मुली होत्या, रात्रपाळी करून भावाची फी भरणाऱ्या. डॉक्टर डॉक्टर झाले ते तिच्या रात्रपाळीवर. पुढे तिचं लग्न झालं, पोरं झाली. ती सगळ्यांना वाढायची आणि शेवटी उरलेलं खायची. खारवलेल्या भाज्या आणि भात, तोही उभ्याने. झोप तिला गिरणीतच सोडून गेली होती, ती परत आली नाही. हातपाय काटक्यांसारखे. तिला आजारी असं कुणी म्हटलंच नसतं.

"ती फोनवर म्हणाली, थोडीशी चक्कर येते," डॉक्टर सांगत होते. "मी मोठ्या हॉस्पिटलात होतो. बाहेर पेशंटची रांग होती. मी म्हणालो, विश्रांती घे. दुसऱ्या वेळी म्हणाली, प्रेशर थोडंसं आहे असं औषधाच्या दुकानात सांगितलं. मी म्हणालो, मीठ कमी कर. कधीतरी म्हणाली, साखरही थोडीशी. मी तिन्ही वाक्यं वेगवेगळ्या महिन्यांत ऐकली. एकत्र कधी ऐकलीच नाहीत."

एका सकाळी तांदूळ धुताना ती खाली बसली आणि उठली नाही. पक्षाघात. पन्नाशीच्या आत-बाहेर होती. तोवर तिचं पोट किती, रक्तदाब किती, हे तिच्या डॉक्टर भावाने एकदाही मोजलं नव्हतं.

कालव्यावर एक बोट बांधलेली होती, तिच्या छपरावर कुणीतरी कुंड्या ठेवल्या होत्या. आम्ही दोघं त्या कुंड्यांकडे बघत उभे राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर नागपूरच्या माझ्या थोरल्या मावश्या आल्या. त्याही अशाच जेवायच्या. त्याही अशाच गेल्या होत्या, आणि आम्ही म्हटलं होतं की अचानक गेल्या.

मी वेळ घेतली. नवरा बेसिंगस्टोकला, म्हणून डॉक्टर माझ्याबरोबर सर्जरीत, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, आले आणि वाट बघणाऱ्यांच्या खुर्चीत बसले. नर्सने वजन केलं, उंची घेतली, तक्ता बघून म्हणाली की छान आहे, काळजीचं कारण नाही. मी तिला सांगितलं की मला कमरेचंही माप हवंय आणि रक्तही तपासायचंय. ती हसली, म्हणाली तुम्ही तर किती सडपातळ आहात. पण चांगली बाई होती. तिने सगळं केलं.

आठवड्याने निकाल आला. रक्तदाब थोडासा वर. साखर थोडीशी वर. रक्तातली चरबी थोडीशी वर. जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, मला तसंच सांगितलं, सौम्य आवाजात, प्रत्येक गोष्टीपुढे तो शब्द लावून. कमरेचं माप युरोपातल्या माणसांसाठी आखलेल्या धोक्याच्या रेषेच्या आत होतं, आशियाई बायकांच्या रेषेच्या बाहेर. मी रोज हजारो माणसांच्या रांगांमध्ये हेच शोधत होते. पाचांतल्या तीन. इथे तर चार झाल्या होत्या.

बाहेर येऊन मी डॉक्टरांना आकडे सांगितले. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मला वाटलं ते आता सगळं समजावून सांगतील, चाला, झोपा, हे खा, ते खाऊ नका. ते म्हणाले, "अजून वेळ आहे." पुन्हा एकदा तेच म्हणाले. ते मला सांगत होते की आणखी कुणाला, मला कळलं नाही.

शुक्रवारी रात्री नवरा आला तेव्हा मी त्याला कागद दाखवले. तो उभ्यानेच वाचत राहिला, कोटही काढला नाही. मग म्हणाला, "इतकी वर्षं आपण माझ्यावरच पहारा देत होतो गं." त्यानंतरचं मोठं काही सांगण्यासारखं नाही. सहा-आठ महिन्यांनी त्याने बर्मिंगहॅमजवळ काम शोधलं, पगार कमी होता. मी ऑफिसला चालत जाऊ लागले. रात्री लॅपटॉप उघडणं बंद केलं, ते सगळ्यांत अवघड गेलं. पुढच्या वर्षीच्या तपासणीत साखर आणि रक्तदाब खाली आले. चरबीला आणखी वेळ लागला.

आमचं काम संपत आलं तेव्हा विभागात एक मीटिंग झाली. आमच्या हेड सरळ मनाच्या इंग्रज बाई होत्या. त्यांचं म्हणणं असं की कमरेसाठी युरोपातलीच रेषा वापरावी, म्हणजे कोरियाचे आकडे बाकी देशांशी जुळवून बघता येतील. मुद्दा चुकीचा नव्हता, तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी. पण त्या रेषेने मोजलं की कोरियातला सिंड्रोम कागदावर खूपच कमी व्हायचा. डॉक्टर सहसा मीटिंगमध्ये बोलत नसत. त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "या रेषेने माझी बहीण निरोगी होती."

खोलीत कुणाला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं की मी दोन्ही रेषांनी आकडे काढलेत आणि दोन्ही छापता येतील, त्याला फार जागा लागणार नाही. मग मी माझ्या स्वतःच्या तपासणीचंही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं. हेडनी माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे पाहिलं. "दोन्ही द्या," त्या म्हणाल्या. शोधनिबंध छापून आला तेव्हा दोन्ही आकडे त्यात होते. कमी शिकलेल्या, वय झालेल्या बायकांमध्ये धोका जास्त दिसतो, हेही एका परिच्छेदात होतं. डॉक्टरांनी तो परिच्छेद कितीदा तरी लिहून बदलला होता. शेवटी छापला तो सगळ्यांत कोरडा होता.

ते मायदेशी परतून आता बरीच वर्षं झाली. एका छोट्या गावातल्या दवाखान्यात बसतात, मोठ्या शहरात परत गेले नाहीत. अधूनमधून फोन येतो. अजूनही आधी जेवणाचं विचारतात. विभागातली जुनी माणसं त्यांची नक्कल करतात, आणि करता करता गप्प होतात, कारण आमच्यातल्या निदान तिघाचौघांना त्यांच्यामुळेच आपल्या रक्ताचा हिशोब वेळेवर कळला.

पण मला ते आठवतात ते एका रविवारचे. जाण्याआधीच्या महिन्यातली गोष्ट. आम्ही बौद्ध मंडळी महिन्यातून एकदा एक कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन वंदनेला जमायचो. बर्मिंगहॅमची काही कुटुंबं, कॉव्हेंट्रीची काही, कधी लंडनच्या एजवेअरहूनही कुणी यायचं. डॉक्टर म्हणायचे की त्यांचा कशावर विश्वास नाही, त्यांची आई आणि बहीण मात्र डोंगरावरच्या विहारात जायच्या. मी सहज विचारलं, याल का? ते आले. मागच्या रांगेत पाठ ताठ ठेवून बसले.

वंदना झाली. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी आधी आमचं काम सांगितलं, त्यांच्या देशात हे किती पसरलंय, दिसायला धडधाकट असलेल्यांतही कसं आहे. आपल्या लोकांचं अंगही याबाबतीत त्यांच्यासारखंच आहे, असंही म्हणाले. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत होते. मग ते बहिणीवर आले. तेही मी सांगितलं. गिरणी, रात्रपाळी, फी, उरलेलं अन्न. मागे बसलेल्या बायका पदर नीट करून पुढे सरकून ऐकू लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरची हीच गोष्ट होती, फक्त गाव वेगळं.

शेवटी आमच्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसांची नावं घेऊन दोन मिनिटं उभं राहायचं होतं. आमच्यात एक आजी होत्या, मुलाकडे आलेल्या, उमरेडच्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "यांच्या बहिणीचं नाव काय गं? तेही घेऊ."

मी डॉक्टरांना विचारलं. ते हळूच म्हणाले की त्यांनी ते नाव कधी उच्चारलेलंच नाही. तिकडे थोरल्या बहिणीला नावाने हाक मारत नाहीत. ती असताना नूना, आणि गेल्यावरही नूना. नाव फक्त आईच्या तोंडी असायचं.

"मग आता आई कुठे आहे त्यांची?" आजींनी विचारलं.

ती नाही आता, मी म्हटलं.

"मग कोण घेणार तिचं नाव? त्यांना म्हणावं, घ्या."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी स्वेटरवर सपाट धरले होते. त्यांनी नाव घेतलं, पण इतक्या बारीक आवाजात की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. आजींनी कानामागे हात धरला. त्यांनी पुन्हा घेतलं. आजींनी ते आपल्या नागपुरी जिभेवर घोळवून म्हणून पाहिलं, आणि ते पार वेगळंच झालं. हॉलमध्ये सगळ्यांनी उभं राहून म्हणून पाहिलं, तेही चुकलं. मला वाटलं, ते आता राहू द्या म्हणतील.

ते म्हणाले नाहीत. मधला स्वर ओठ ताणून म्हणायचा असतो, ते त्यांनी दाखवलं. आम्ही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा. आम्ही पुन्हा म्हटलं. कोपऱ्यातली पोरं, आजी, कॉव्हेंट्रीचे काका, माझा नवरा, सगळे लोक एका न पाहिलेल्या गिरणीकामगार बाईचं नाव शिकत होते, आणि ते बरोबर येईपर्यंत डॉक्टर आम्हाला बसू देत नव्हते.

शेवटी ते बरोबर आलं. त्यांनी डोळे मिटले आणि हाताने आम्हाला थांबवलं. मग आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो.